पहिला पापुद्रा देवाला

"आजच्या दिवसापासून माणसाचा शब्द अमर झाला आहे!"

डॉ. शिरगोपीकरांनी म्हसवडच्या माळावर ही घोषणा केली तेव्हा माइक बंद होता. तो चालू झाल्यावर त्यांनी तीच घोषणा पुन्हा केली, आणि आधी टाळ्या वाजवून मोकळ्या झालेल्या पुढच्या दोन रांगांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. ही २०३९ सालची गोष्ट. प्रकाशवलय केंद्राचं उद्घाटन होतं, मांडव होता, मंत्री होते, आणि संचालकांचा शब्द न् शब्द एका स्फटिकात साठवला जात होता. दोन तासांनी मंत्र्यांच्या साक्षीनं तो स्फटिक यंत्रात गेला. सगळे श्वास रोखून बसले. स्पीकरमधून पत्र्याच्या डब्यातून यावा तसा आवाज आला, "भजी आत्ताच सोडू, का साहेब उठल्यावर?"

मंत्र्यांनी संचालकांकडे पाहिलं. "हेच अमर झालं का?"

झालं होतं असं की स्फटिकाची डबी मधल्या वेळात आचाऱ्याच्या भट्टीशेजारी टेबलावर ठेवलेली होती. त्यातून पुढे एक शास्त्रीय सत्य निघालं. त्यावर शास्त्रज्ञांनी अकरा पानं लिहिली. निर्वात नळ्यांची व्यवस्था बघणारे अल्ताफ मुलाणी यांनी तेच सत्य एका वाक्यात सांगितलं, "साहेब, पहिला पापुद्रा देवाला सोडत जावा." सल्ला पटला, पण सरकारी नियमपुस्तिकेत देवाचं नाव घालावं की नाही यावर दोन बैठका होऊन निर्णय लागला नाही. त्यामुळे केंद्रातला सर्वांत महत्त्वाचा नियम लेखी असा कुठेच नव्हता. तो पाळला मात्र सगळेच जात.

आता हा स्फटिक काय प्रकार आहे ते सांगायला हवं. तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा, चपटा, काळसर चकचकीत. आतून खारी बिस्किटासारखा, थरावर थर. एक थर पॅलॅडियम या धातूचा. त्यात इलेक्ट्रॉन मोकाट धावतात. त्याखालचा थर क्रोमियम आणि ऑक्सिजनचा. त्यातला प्रत्येक क्रोमियमचा अणू म्हणजे एक इवलासा चुंबक, आणि प्रत्येकाची एकच इच्छा, शेजाऱ्याकडे पाठ करावी. दोघेच असते तर प्रश्न नव्हता. पण हे अणू त्रिकोणात बसलेले. पहिल्यानं दुसऱ्याकडे पाठ केली तर तिसऱ्यानं तोंड कुठं करायचं? एका ओट्याशी तीन जावा उभ्या राहिल्या की जे होतं तेच इथे होतं. तिघी तीन दिशांना तोंडं करतात, कुणीच पूर्ण समाधानी नसतं, आणि स्वयंपाक मात्र होतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, इथे चुंबकत्व नाहीच. तीन दिशांची बेरीज शून्य. म्हणूनच कितीही मोठा चुंबक जवळ आणला तरी ही आतली मांडणी हलत नाही. ज्यांचं आधीच बिनसलेलं असतं त्यांना बाहेरचा माणूस आणखी काय बिघडवणार?

असे स्फटिक पूर्वी कडाक्याच्या थंडीतच शिस्तीत बसत. म्हसवडच्या मंडळींनी त्यांत कसली तरी चिमूटभर भर घातली (कसली, ते गुपित आहे) आणि ती शिस्त नव्वद अंशांपर्यंत टिकायला लागली. स्फटिक नव्वदच्या वर तापवायचा, म्हणजे मांडणी विस्कटते. मग एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे हळूहळू निववत न्यायचा. निवताना धातूच्या थरांतून माइकचा विद्युतप्रवाह सोडला की शेजारचे चुंबक त्या प्रवाहाप्रमाणे किंचित कलतात आणि तसेच गोठतात. चार मिनिटांचं बोलणं या कडेपासून त्या कडेपर्यंत गोठून जातं. मग ते पुसता येत नाही, बदलता येत नाही.

वाचणं त्याहून अवघड. त्यासाठी प्रकाशवलय लागतं, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल गोल पळवून त्यांच्यातून प्रखर प्रकाश काढणारं भलंमोठं यंत्र. हवा काढून घेतलेल्या पोलादी भांड्यात स्फटिक ठेवायचा, त्याला चांदीच्या लुकणानं चिकटवलेली बारीक खुंटी टोला देऊन पाडायची. खुंटीबरोबर वरचे थर निघून येतात आणि आतला कोरा करकरीत पृष्ठभाग उघडा पडतो. त्यावर वलयातला प्रखर अतिनील प्रकाश टाकला की इलेक्ट्रॉन बाहेर उडतात. कोण कुठल्या कोनात उडालं आणि किती जोरात, एवढंच मोजायचं. मांडवाबाहेर पडणाऱ्या पाहुण्यांच्या चालीवरून आणि चेहऱ्यांवरून आत पंगतीत काय घडलं ते जाणकार सांगतात, तशातलाच हा प्रकार. पण बाहेर पडतात ते फक्त दाराजवळचे. आतले गर्दीतच अडकतात. म्हणून हे यंत्र वरचे दोन-चार थर तेवढे बघतं. आणि नेमकी तिथेच मेख होती.

स्फटिकाची कातडी, म्हणजे वरचे शे-दोनशे थर, मनानं कच्ची. आतली मांडणी नव्वद अंशांना विस्कटते, कातडीची पंचेचाळीसलाच. डबी उन्हात किंवा भट्टीजवळ राहिली की कातडी आपलं पाठांतर विसरते आणि निवताना जे काही कानावर पडेल ते नव्यानं पाठ करते. डबीचा माइक तर सदैव चालू. तो बंद करायला बटणच नव्हतं. माहितीपत्रकात 'छेडछाड टाळण्यासाठी' असं कारण दिलं होतं. खरं म्हणजे आराखडा काढताना ते राहून गेलं होतं.

म्हणून पहिला टोला मारायचा, त्यानं उघडा पडलेला पृष्ठभाग न वाचताच सोडून द्यायचा आणि दुसरा टोला मारून खोलवरचा वाचायचा. तिसरा टोला नसतो. तोवर स्फटिकाचा चुरा झालेला असतो. एकदाच ऐकायचं, कान देऊन.

*

चार वर्षांत ही डबी 'अमरवाणी' या नावानं घरोघर पोचली. लग्न ठरवताना दोन्हीकडची मंडळी डबीसमोर बोलू लागली, आणि त्यामुळे लग्न ठरवताना कुणी काहीच बोलेना. पुढाऱ्यांनी आपापली आश्वासनं स्फटिकात गोठवून घेतली. केंद्राच्या तळघरात असे सहा हजार स्फटिक आहेत. ते वाचावेत असा एकही अर्ज आजवर आलेला नाही. पण खरी गर्दी झाली ती आजाऱ्यांच्या उशाशी. जाणाऱ्यानं चार मिनिटं बोलायचं, मागे राहिलेल्यांनी तारीख मिळेपर्यंत थांबायचं आणि मग म्हसवडला येऊन एकदाच ऐकायचं.

हे ऐकवायचं काम उल्का तारळेकर करत असे. पदाचं नाव 'वरिष्ठ वर्णपट सहायक'. गावात तिला 'ऐकवणाऱ्या बाई' म्हणत. आठशेच्या वर घरांना तिनं त्यांची माणसं ऐकवली होती, आणि तिचं मत झालं होतं की आपला शब्द अमर होणार म्हटल्यावर माणूस स्वतःसारखा बोलत नाही, उद्घाटनाला आल्यासारखा बोलतो. तरी लोक रडायचे. उल्का पाण्याचा ग्लास पुढे करायची आणि मनात पुढच्या नमुन्याचं तापमान मोजायची.

गेल्या ऑक्टोबरपासून मात्र तिला ते जमेना. खुर्चीवर बसली की पाय हलायचा. एकच आकडा तीनदा वाचायची. दाराला कुलूप लावून पुन्हा बघायला परतायची.

ऑक्टोबरात तिचे वडील गेले. अण्णा तारळेकर, फलटणच्या हायस्कुलात चौतीस वर्षं चित्रकला शिकवलेले. छातीत पाणी झालं म्हणून साताऱ्याला रुग्णालयात ठेवलं होतं. मंगळवारी उल्कानं केंद्रातून डबी नेली, त्यांच्या उशाशी ठेवली, दिवा लागला की बोलायचं म्हणून सांगितलं, आणि ती आणि तिचा मोठा भाऊ जयवंत, दोघं बाहेरच्या बाकावर जाऊन बसली आणि श्वासाचं यंत्र लावावं लागलं तर काय, यावर कुजबुजत राहिली. चार मिनिटांनी डबी उचलली. गुरुवारी दुपारी डॉक्टरांनी विचारलं, श्वासाचं यंत्र लावायचं का? लावलं तर आठ-पंधरा दिवस, त्यातून परत येण्याची आशा जवळजवळ नाही. दादा त्या दिवशी कोल्हापूरला कामावर गेला होता. तिनं तीन फोन केले. त्यानं उचलले नाहीत. डॉक्टर घड्याळ बघत होते. उल्कानं 'नको' या रकान्यात सही केली. अण्णा संध्याकाळी गेले.

तेराव्याला पानं मांडलेली असताना दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "मला विचारलं असतं तर मी सही करू दिली नसती. पण मी शीतगृहात होतो. तिथं रेंज नसते." दादा दूध संघात गुणनियंत्रणाला. दुधात पाणी आहे का हे तो नुसत्या वासावरून सांगायचा, त्यामुळे त्याच्या शब्दाला नात्यात वजन होतं. तेव्हापासून तो बहिणीशी बोलला नव्हता. बोलायचंच झालं तर बायकोमार्फत, "तिला म्हणावं." डबी त्यानं आपल्याकडे ठेवून घेतली. तिला म्हणावं, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देत नसतात.

उल्काला आता एवढंच हवं होतं. त्या चार मिनिटांत अण्णा यंत्राबद्दल काही बोलले असतील का? 'लावू नका' म्हणाले असतील तर तिचा पाय हलायचा थांबेल. 'लावा' म्हणाले असतील तर... याच्या पुढे ती गेली नव्हती. सात महिने ती या वाक्याच्या अलीकडे येरझाऱ्या घालत होती.

*

तारीख मिळाली एकोणीस मेची. वेळ अकरा ते दोन.

दादा आणि विभावहिनी साडेदहालाच पोचले. बाहेर उन्हानं डांबर मऊ झालेलं. दादानं डबी मांडीवरून आणली होती आणि उतरल्यावरही ती पोटाशी धरली होती, पंगतीत जागा राखावी तशी.

"प्रवास बरा झाला का?" उल्कानं विचारलं.

"तिला म्हणावं, झाला," दादा म्हणाला.

वहिनीनं कपाळ पुसलं. "अहो, ती समोर उभी आहे. आणि मी आता थकलेय. कोल्हापूरपासून तुमचंच ऐकत आलेय. मायणीला रस प्यायला थांबलो तर तिथंही सुरूच."

आत अल्ताफभाईंनी हातमोजे चढवले होते. निवृत्तीला तीन महिने राहिलेला हा माणूस नळीला कान लावून आत किती हवा उरली ते सांगायचा. मीटर त्याला नंतर दुजोरा द्यायचं. त्यांनी डबी उघडली, स्फटिकावर दोन खुंट्या चिकटवल्या. एक माथ्यावर, दुसरी कडेच्या खाचेत, खोल. लुकण वाळलं, नमुना आत गेला, पंप घुमायला लागले.

"पहिला टोला मारतो," अल्ताफभाई म्हणाले. "तो देवाला."

"थांबा," दादा म्हणाला. "देवाला म्हणजे?"

उल्कानं समजावलं. कातडी, पंचेचाळीस अंश, भजी. आठशे वेळा सांगितलेलं होतं, पण आज मधेच शब्द अडकत होते. दादानं सगळं ऐकून घेतलं आणि सात महिन्यांत पहिल्यांदा थेट तिच्याकडे बघितलं.

"म्हणजे अण्णांच्या बोलण्यातला अर्धा भाग न ऐकता फेकून द्यायचा."

"तो अण्णांचा नसतोच, दादा."

"कुठे लिहिलंय हे? नियम दाखव."

नियमपुस्तिका एकशे बारा पानांची होती. चपला कुठे काढायच्या यावर तीन पानं होती.

"लिहिलेलं नाहीये," अल्ताफभाई म्हणाले. "पण साहेब, त्या भज्यांनंतर कुणी वाचलेलं नाही. वाचू नये."

"का वाचू नये? मी दुधाचा पहिला नमुना कधी फेकत नाही. भेसळ असते ती वरच्यातच सापडते." दादानं हाताची घडी घातली. "वाचणारी तू, फेकणारी तू, आणि सही करणारीही तू. अण्णांचा एक शब्द देवाला सोडायचा नाही."

"डबी तुझ्याकडे होती. कातडीवर तुझ्याच घरातलं काहीतरी असेल," उल्का म्हणाली.

"आमच्या घरात काय असणार? बातम्या."

वहिनी काहीतरी बोलणार होती, पण तिनं पदरानं वारा घ्यायला सुरुवात केली. उल्काला कळत होतं की अडून बसावं. ती अडली असती तर दादा आयुष्यभर म्हणत राहिला असता, तिनं फेकलं त्यातच होतं. आणि तिच्या मनातल्या चोरालाही वाटून गेलं, खरंच असेल तर? तिनं मान हलवली. अल्ताफभाईंनी अल्लाचं नाव घेतलं आणि टोला मारायचा दांडा ढकलला. काचेतून दिसणारी खुंटी टिचकन उडाली.

किरण या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकायला चाळीस मिनिटं लागतात. या चाळीस मिनिटांत दादानं खोलीत फेऱ्या मारल्या. सात पावलं जायचा, पंपाला वळसा घालायचा, सात पावलं यायचा. उल्काचा पाय हलत होता. दोघांची लय जुळली की दोघंही दचकून थांबायची. वहिनी भिंतीवरचं 'शांतता राखा' वाचत होती. अल्ताफभाईंनी दादाला विचारलं, "म्हशीच्या दुधाला फॅट किती लागतं हो आता?" दादानं आकडा सांगितला आणि लगेच दुरुस्त केला. आजवर त्याचा आकडा कधी चुकला नव्हता.

पडद्यावरची रेघ संपली. स्पीकर खरखरला.

आवाज पुरुषाचा होता. दादानं दोन पावलं पुढे टाकली आणि तिथेच थांबला.

"...रेंज होती," स्पीकर म्हणाला. "शीतगृहात मी नव्हतोच. चहाच्या टपरीसमोर गाडीत बसलो होतो. तिचं नाव येत होतं पडद्यावर. तीन वेळा. मी बघत बसलो."

"हे तुम्ही मला आत्ता सांगताय?" हा वहिनीचा आवाज, आणि मागे गाडीच्या एसीची घरघर.

"उचलला असता तर हो किंवा नाही म्हणावं लागलं असतं. तिनं विचारलंच असतं. मला नाही जमलं. तिनं सही केली म्हणून मला रडता तरी आलं."

"आज सांगून टाका तिला."

"आधी अण्णा काय म्हणाले ते ऐकू. ते तिच्या बाजूनं बोलले असतील तर सांगायची गरजच नाही. माझ्या बाजूनं बोलले असतील तर मग कशाला सांगायचं? ...काच वर कर, गार होऊ दे."

पुढे नुसती घरघर होती.

खोलीत पंप तेवढे घुमत होते. दादा स्पीकरकडे असा बघत होता जणू दुधात पाणी सापडलंय आणि म्हैस त्याचीच आहे. रस पिण्यासाठी उन्हात उभी केलेली गाडी, तापलेली डबी, मग चालू केलेला एसी. शास्त्राच्या दृष्टीनं प्रयोग अगदी निर्दोष झाला होता. अल्ताफभाईंनी हातमोजे काढले, पुन्हा घातले. "म्हणून देवाला सोडायचा," ते हळूच म्हणाले. "त्याला सवय असते."

उल्का उठली आणि खिडकीपाशी गेली. खिडकी उघडत नव्हती. ती उघडण्यासाठी केलेलीच नव्हती. तरी तिनं दोनदा ढकलून पाहिली.

"सात महिने," ती म्हणाली. "तेराव्याच्या पानावर बसून तू मला... वरणावर तूप वाढत होते, दादा."

"मला माहीत आहे."

"रेंज नव्हती म्हणालास."

"हो."

"आत्याला सांगितलंस. मामांना सांगितलंस. माझ्याशी लोक बोलताना आवाज खाली आणायला लागले."

"उल्के..." त्यानं खूप दिवसांनी हाक मारली. ती नीट जमली नाही. "फोन कानाकडे नेला होता मी. दोनदा. फोन खिशातून काढलेलाच होता. तो हातात वाजत होता."

वहिनी म्हणाली, "मला आज सकाळी कळलं, उल्का. देवाशपथ. मी रसाचा ग्लास अर्धाच टाकला."

उल्का परत येऊन खुर्चीवर बसली. भांडण पूर्ण करावं असं तिला वाटत होतं. सात महिन्यांची तयारी होती. पण भांडणाच्या मधोमध तिचंच एक वाक्य आडवं उभं होतं आणि ते हलेना.

"मी तुला विचारायला फोन केलाच नव्हता," ती शेवटी म्हणाली.

"म्हणजे?"

"डॉक्टरांनी विचारल्या विचारल्या मला उत्तर माहीत होतं. फक्त ते तू म्हणावंस असं वाटत होतं. मोठा आहेस म्हणून. तीनदा केला तो त्यासाठी. सल्ल्यासाठी नव्हे. गळ्यात घालायला."

दादा बाकावर बसला. दोन भावंडं, मधे एक पोलादी भांडं. तिघांची तोंडं तीन दिशांना.

अल्ताफभाईंनी दार किलकिलं करून बाहेर पाहिलं. "मॅडम, एकला दहा कमी आहेत. पुढची मंडळी येऊन बसलीत, इस्लामपूरची. दुसरा टोला मारायचा असंल तर आत्ता. उघडा पृष्ठभाग लई वेळ टिकत नाही, आणि खालचं लुकणबी धरून धरून किती धरणार?"

"नको," दादा म्हणाला. "राहू दे."

"राहू दे म्हणजे?"

"ते काय म्हणाले असतील याची आता मला भीती वाटते. तुझ्या बाजूनं असलं तरी, माझ्या बाजूनं असलं तरी. तसाच जाऊ दे. दोन्ही पापुद्रे देवाला."

उल्कालाही तेच हवं होतं. ते तिला कळलं, आणि त्याचाच राग आला. "अण्णा बोललेत, दादा. चार मिनिटं, दम लागत असताना. पुन्हा एकदा आपण दोघं फोन उचलायचा नाही, असंच ना?"

दादा उठला. अल्ताफभाईंनी दांडा त्याच्यापुढे केला. आजवर घरच्या माणसाला त्यांनी दांडा कधी दिला नव्हता. हेही कुठे लिहिलेलं नव्हतं. उल्कानं काचेतून बघत दांड्याचं टोक खाचेतल्या खुंटीशी आणलं. दादानं वरून हात ठेवला. नमुन्याच्या बाटल्या धरून धरून तो हात घट्ट झाला होता.

"मार," ती म्हणाली.

खुंटी पडली. तिच्यामागोमाग स्फटिकाची एक कडही गेली. कडेबरोबर किती शब्द गेले ते कळायला मार्ग नव्हता.

पुन्हा चाळीस मिनिटं. या वेळी दादानं फेऱ्या मारल्या नाहीत. तो बसून राहिला आणि त्याचाही पाय हलायला लागला. वहिनीनं पिशवीतून चिवडा काढला, कुणी घेतला नाही, म्हणून तिनं एकटीनं खाल्ला आणि दर घासाला 'माफ करा' अशा नजरेनं सगळ्यांकडे पाहिलं. मधे उल्का म्हणाली, "यंत्र लावा असं म्हणाले असतील तर मी आत्याला फोन करून सांगेन." दादा म्हणाला, "लावू नका म्हणाले असतील तर मी करेन." थोड्या वेळानं तो म्हणाला, "तसाही मीच करेन."

रेघ संपली. स्पीकर खरखरला. मग दम लागलेला, ओळखीचा, वर्गातल्या शेवटच्या बाकालाही ऐकू जाईल अशा बेतानं काढलेला आवाज आला.

"हॅलो... हॅलो. बाहेर ऐकू येतंय का?"

उल्कानं तोंडावर हात ठेवला. डबी कशासाठी आहे ते तिनं त्यांना समजावून सांगितलं होतं. दोनदा. अण्णांनी दोन्ही वेळा मान डोलावली होती.

"हॅलो. जयवंता, उल्का. दिवा लागलाय इथं हिरवा." खोकला. बराच वेळ नुसता श्वास. "काहीतरी चांगलं बोलावं अशी तुमची इच्छा दिसते. बरं. मुलांनो, आयुष्य म्हणजे एक कोरा... नाही, नको. हे मी दरवर्षी दहावीच्या निरोप समारंभाला म्हणायचो. कंटाळा यायचा मुलांना."

पुन्हा श्वास. कुठेतरी ट्रॉलीची चाकं वाजली.

"तुम्ही दोघं बाहेर कुजबुजता ते मला ऐकू येतं. यंत्र लावायचं की नाही लावायचं. ते तुमचं तुम्ही ठरवा. मला त्यातलं काही कळत नाही, तुम्हालाही कळत नाही. डॉक्टरलाही फारसं कळत असेल असं वाटत नाही. काय ठरवाल ते ठरवा, आणि त्यावरून भांडू नका... भांडालच. हॅलो? येतंय ना ऐकू?"

दादानं "येतंय" म्हटलं. मोठ्यानं, स्पीकरकडे वाकून. कुणी हसलं नाही.

"मग ऐका. मघापासून सांगेन सांगेन म्हणतोय. पाठीला खाज सुटलीय, डाव्या खांद्याच्या खाली. हात पोचत नाही आणि नर्सबाईंना सांगायला लाज वाटते. जरा आत या आणि खाजवा. दोघांपैकी कुणीही चालेल."